फरक दिसला म्हणजे कायरॅलिटी नव्हे

सोन्याच्या सपाट आरशावर सोन्याचा गोल नॅनोकण, मधल्या फटीत एक-दोन नॅनोमीटर अंतर आणि वरून आळीपाळीने डावा व उजवा वर्तुळध्रुवित प्रकाश: ही मांडणी आता रुळली आहे. दोन वेळच्या संकेतांत तफावत आली की तिला लगेच कायरॅलिटी ठरवले जाते. ही घाई आम्हाला पटत नाही. प्रकाश लंब पडत असेल तर आदर्श आरसा त्याची हेलिसिटी उलटवतो. येणारी व परतणारी लाट मिळून स्थिर लाट बनते. तिच्यात विद्युतक्षेत्र फिरत असते खरे, पण प्रकाशीय कायरॅलिटी सर्वत्र शून्य असते. प्रकाश तिरपा असेल तर फटीतला मुख्य प्लाझ्मॉन आरशाला लंब असलेल्या क्षेत्राने जागा होतो. ते क्षेत्र येते पी-घटकातून, आणि तो घटक डाव्या-उजव्या प्रकाशात सारखाच. गोल कणाने सगळीकडे मिळून विखुरलेला प्रकाश त्यामुळे सारखाच भरायला हवा. बदलते ती दिशा: आपतन-प्रतलाच्या एका बाजूला वाढ, तर दुसऱ्या बाजूला तेवढीच घट.

हे निव्वळ कागदावरचे नाही. पुण्याच्या आयसरमध्ये प्रा. जी. व्ही. पवन कुमार यांच्या गटाने 2018 मध्ये चांदीच्या नॅनोतारेवरून विखुरणाऱ्या प्रकाशातला स्पिन-हॉल परिणाम प्रसिद्ध केला. तार कायरल नसतानाही डावे व उजवे घटक वेगळ्या दिशांना सरकतात. अशा प्रकाशासमोर ऑब्जेक्टिव्ह किंवा स्लिट जराशी केंद्राबाहेर असली, की एकच बाजू जास्त गोळा होते आणि आलेखावर देखणा डायक्रॉइझम उमटतो!

खरे कण पैलूदार असतात, तेव्हा तफावत खरीही असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण पैलू यदृच्छया वळलेले असतात. अनेक कण मोजले तर चिन्ह दोन्हीकडे विखुरले पाहिजे. साध्या कणांच्या नमुन्यात सगळ्यांचे चिन्ह एकच निघाले, तर संशय आधी प्रकाशमार्गावर घ्यावा. मुद्दाम कायरल वाढवलेल्या कणांना ही सबब लागू नाही, मात्र तिथे उलट हाताचे कण घेतल्यावर चिन्ह उलटलेच पाहिजे. एवढ्या तपासण्या लहान महाविद्यालयांना परवडतील का? नमुन्यापाशी स्टोक्स राशी मोजायला एक पाव-तरंग पट्टी आणि एक ध्रुवक पुरतो. दोन्ही बहुतेक प्रयोगशाळांत आहेतच. आमच्याकडे लेख पाठवताना या राशी, ऑब्जेक्टिव्हचे संख्यात्मक छिद्र आणि मोजलेल्या प्रत्येक कणाचे चिन्ह सोबत द्यावे.