पहिली पारध कोणाची?



शिमग्याच्या आधी आंदर मावळातल्या एका वाडीवर आमची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. बोलणे संपत आले तेव्हा मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, दुसरं एक इचारू का? ह्यांनी औंदा पोराला पारधीला न्यायचं ठरवलंय. धाच वर्सांचं हाय पोर. मी नको म्हनलं, तर म्हनत्यात, बाईमानसाला त्यातलं काय कळतंय." तिची बारा वर्षांची मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मला का न्हाई नेत? मी त्याच्यापरीस लांब चालते." सगळ्या बाया हसल्या. मग गप्प झाल्या.

आईचा प्रश्न एक होता, मुलीचा दुसरा. आमच्याजवळ दोन्हींचे उत्तर तयार नव्हते. रेशन, दारू, मारहाण, पोटगी यांवर आपण झटकन भूमिका घेतो. पारधीवर कधी बोललोच नव्हतो. परतताना कामशेतपर्यंत जीपमध्ये आमच्यातच वाद झाला. हा अग्रलेख त्या वादातून आला आहे. वाडीचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. शिकार हा गुन्हा आहे आणि त्याची झळ कोणाला लागते हे पुढे येईलच.

आधी पारध म्हणजे काय ते पाहू. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भेकर, सांबर, पिसोरी आणि रानडुक्कर ही शिकारीची जुनी जनावरे. शेतीची कामे उरकली, रान वाळले, पानगळीने झाडी विरळ झाली की पुरुष जमून हाका घालतात. काही जण आरडाओरडा करीत जनावर उठवतात, काही जण वाटेवर दबा धरून बसतात. मुलगा आधी बेचकीने पाखरे मारतो, मग हाकाऱ्यांत धावतो आणि एक दिवस बाप त्याला आपल्या शेजारी दब्याला बसवतो. तो दिवस त्याच्या लक्षात राहतो. वारा कुठून येतो, खुराचा ठसा ताजा की शिळा, ओरडणारे भेकर किती लांब आहे, हे बाप त्याला शिकवतो. मुलाशी एरवी चार शब्द न बोलणारा बाप त्या दिवशी त्याच्या कानाशी लागून बोलतो. यातले सगळेच वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. बापाने मुलाजवळ बसावे, असे तर आपणच सांगत असतो.

पण त्याच दिवशी मुलगा आणखीही काही शिकतो. घरून निघताना बहीण पाणी भरत असते, आई चुलीशी असते. आपण 'जाणारे' आणि त्या 'वाट पाहणाऱ्या', हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. जनावर पडले की वाटे होतात. बैठकीतल्या बायांनी सांगितले की वाटे गेलेल्या माणसांप्रमाणे पडतात. ज्या घरात जायला पुरुष नाही, त्या घरी दिले तर मेहरबानी म्हणून. मटण शिजवायचे बाईने, वाढायचे बाईने आणि शेवटी रस्सा उरला तर खायचा बाईनेच. हा हिशेब दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांनी पाहून शिकतो.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे पडलेले जनावर पाहून त्याला काय वाटते. भेकर म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस किलोंचा जीव. मरताना ते माणसाकडे पाहते, असे पारधीला गेलेले पुरुषच सांगतात. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येते. त्यावर मोठी माणसे काय म्हणतात? "बायकांसारखा रडतोस काय!" त्याच्या मनातली कणव त्याच्यापुढे 'बायकी' म्हणून लाजेची गोष्ट ठरते. पुढे बायकोवर हात उगारताना ज्याला काही वाटत नाही, त्याची सुरुवात कुठे कुठे झाली हे शोधायचे असेल, तर अशा प्रसंगांकडेही पाहावे लागेल. शिकारी पुरुष बायकोला मारतात असा याचा अर्थ नव्हे. लोणावळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बाया सांगतात की कधी बेचकीही हाती न धरलेले साहेब घरात हात उगारतात. मुलाला दगड करण्याच्या जागा अनेक आहेत. पारध ही त्यांतली एक.

भाषा पाहा. शिकार हा शब्द स्त्रीलिंगी, शिकारी पुल्लिंगी. वर्तमानपत्रात बलात्काराची बातमी येते तेव्हा मुलगी 'सावज' होते, ती 'वासनेची शिकार' होते, तिला 'जाळ्यात ओढले' जाते. कॉलेजच्या कट्ट्यावर हीच भाषा चेष्टेत चालते. पारधीला कधीही न गेलेल्या शहरी पुरुषांच्या तोंडी रानातले हे शब्द आले, याचा अर्थ शिकारीने पुरुषपणाचे एक चित्र सगळ्या समाजाला पुरवले आहे. पुराणातही हरणाच्या मागे राम धावला, पण दोष लागला तो सीतेच्या हट्टाला. मावळ-मुळशीच्या बायांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत सीतेचे दुःख बायांनी आपले म्हणून सांगितले आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. 'मला का नाही नेत?' याचे नेहमीचे उत्तर असे की शिकार हे मुळातच पुरुषाचे काम. हे खरे आहे का? पेरू देशात अँडीज पर्वतात विलामाया पात्शा येथे सुमारे 9,000 वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले. शेजारी शिकारीची दगडी हत्यारे नीट मांडलेली होती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की ते दफन सतरा ते एकोणीस वर्षांच्या मुलीचे आहे. फिलिपिन्समधल्या आग्ता समाजात स्त्रिया कुत्री आणि धनुष्यबाण घेऊन रानडुकरे आणि हरणे मारीत, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्या देशात झारखंडच्या उरांव बाया दर बारा वर्षांनी पुरुषी वेष करून, हत्यारे घेऊन 'जनी शिकार' करतात. रोहतासगडावर बायांनी शत्रूला परतवल्याची ती आठवण मानली जाते. तेव्हा निसर्गाने बाईला शिकारीला नालायक केले, हे काही खरे नाही.

आणि मावळातल्या बाया शिकार करीत नाहीत असे कोण म्हणतो? पहिल्या पावसात कातकरी आणि ठाकर बाया ओढ्यात हात घालून खेकडे धरतात, मासे पकडतात. करांदे खणतात. शेवळं, फोडशी, कुर्डू, करटोली कुठल्या उतारावर कधी उगवते हे त्यांना पाठ असते. त्यांच्याबरोबर मुलीही जातात आणि तिथेच शिकतात. पावसाळ्यात कामे बंद असतात, तेव्हा घर चालते ते या अन्नावर. पण खेकडे धरणारीला कोणी शिकारी म्हणत नाही. तिच्या मुलीच्या पहिल्या खेकड्याचे कौतुक होत नाही, त्याची गोष्ट शेकोटीभोवती रंगत नाही. काम तेच रानातले, पण बाईने केले की ते घरकाम होते.

मग आपली मागणी काय? मुलींनाही पारधीला न्या, अशी? आमच्यात एकीने हे मत मांडले, आणि ते झिडकारण्यासारखे नाही. ज्या मुलीला रानात जायला मज्जाव होतो, तिला पुढे ग्रामसभेतही मागेच बसवले जाते. तरीही हत्यार हातात घेण्यातली बरोबरी आम्हाला पुरेशी वाटत नाही. पुरुष जे जे करतो ते ते करणे म्हणजे मुक्ती नव्हे, हे चळवळीने फार पूर्वी ओळखले आहे.

शिवाय कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. त्याआधी आणि नंतरही काही काळ परवाना काढून शिकार करता येत असे; 1991 च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. वनहक्क कायद्याने 2006 साली आदिवासींचे जंगलावरचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. भेकरे आणि सांबरे कमी झाली की बिबट्या वाडीतल्या शेळ्यांकडे वळतो, आणि शेळ्या हे बाईचे धन. तेव्हा जनावरे जगावीत यात बायांचे हित आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही.

पण कायदा सगळ्यांना सारखा लागतो का? ज्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे राजे शिकार करीत, त्याचे 1958 साली अभयारण्य झाले; राजांच्या शिकारीचे फोटो आजही मानाने भिंतीवर आहेत. 1998 च्या काळवीट प्रकरणात एका नामांकित सिनेनटाला शिक्षा व्हायला 2018 साल उजाडले, आणि दोन दिवसांत जामीन मिळाला. वाडीवरच्या माणसाला जामीनदार कुठून मिळणार? घरचा पुरुष आत गेला की वडगावच्या कोर्टाच्या तारखा बायकोने करायच्या, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, वकिलाच्या फीसाठी शेळी विकायची. 'बाईमाणसाला काय कळतंय' म्हणून जिला विचारले नाही, तिनेच पुढचे सगळे निस्तरायचे. म्हणून मुलाला नेऊ का, हे आईला विचारले गेलेच पाहिजे.

आणि ज्यांचे जंगल त्यांच्या हातून आधीच गेले, त्यांनाच जंगलाचे शत्रू ठरवणे आम्हाला मान्य नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत टाटांच्या विजेसाठी वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणे झाली. पुढे पवना धरण झाले. बुडाल्या त्या खोऱ्यांतल्या जमिनी. नंतर डोंगरउतारांवर बंगले आणि रिसॉर्टे चढली. एका रस्त्याने आणि एका कुंपणाने जितकी भेकरे जातात, तितकी दहा वाड्यांच्या हाक्यांत जात नसतील. तिथे मात्र पंचनामा होत नाही.

मग करायचे काय? संघटनांसमोर आम्ही काही गोष्टी ठेवतो.

पहिली, वनहक्काच्या पट्ट्यावर नवरा-बायको दोघांची नावे असली पाहिजेत, असे कायदाच सांगतो. वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, हेही नियमात आहे. आपल्या वाडीत तसे आहे का, पाहा. सामूहिक वनहक्काचे दावे करताना करांदे, खेकडे, रानभाज्या ही बायांची रानातली कामे दाव्यात लिहून घ्या.

दुसरी, रानडुकरांनी पीक खाल्ले तर सरकारी भरपाई असते. पण अर्ज सातबाऱ्यावरच्या नावाने होतो आणि तिथे बाईचे नाव क्वचित असते. भरपाई वेळेवर आणि राबणारीच्या हाती पडली, तर ठासणीच्या बंदुकीची गरजही कमी होईल.

तिसरी, मुलांची रानातली पहिली फेरी. ती व्हावी; मुलगा आणि मुलगी दोघांची एकत्र व्हावी. बापाने माग काढायला शिकवावे, आईने करांदे खणायला. भेकर ओरडले तर थांबून ऐकावे आणि त्याला जाऊ द्यावे. माग काढण्याची विद्या मारल्याशिवायही टिकते. वनखात्याला प्राणिगणनेत याच माणसांची मदत घ्यावी लागते. ती मदत मजुरी देऊन घ्यावी आणि त्यात मुलींनाही काम मिळावे, ही आपली मागणी हवी.

शिमगा झाल्यावर त्या वाडीवर पुन्हा गेलो. बाईला विचारले. म्हणाली, "नेलं शेवटी. भेकर पडलं. पोर रडलं. समदी त्याला बाईमानूस म्हनून हसली. घरी येऊन जेवला न्हाई, माझ्याजवळ निजला." थोडे थांबून म्हणाली, "बाईमानूस म्हनले, त्यात शिवी काय हो ताई? मी त्याला तेच सांगितलं. म्हनलं, तुला वाईट वाटलं ते बरं झालं." मुलगी शेजारीच बसली होती. पाऊस लागला की भावाला ओढ्यावर नेऊन खेकडे धरायला शिकवणार आहे, असे तिने आम्हाला सांगितले.

तुमच्या भागात पारध होते का, मुलींना रानात जाऊ देतात का, वाटे कसे पडतात, बायांचे यावर काय म्हणणे आहे, हे जरूर कळवा. पुढच्या अंकात ही चर्चा चालू ठेवू.

— संपादक मंडळ