शुश्रूषा आणि दलाली

महाबळेश्वर म्हटले की पर्यटकाच्या डोळ्यांपुढे स्ट्रॉबेरी आणि वेण्णा तलाव येतो. त्याच तालुक्यात तापोळ्याच्या बाजूला, कोयनेच्या जलाशयाकाठी वसलेल्या गावांचे अर्थकारण निराळे आहे. तिथला तरुण मुंबईच्या बाजारात ओझी उचलायला गेला. मागे राहिले म्हातारे आईबाप. ते अंथरुणाला खिळले की मुलगा मुंबईहून एखाद्या ‘ब्युरो’ला फोन करतो आणि चोवीस तासांची बाई मागवतो. पहिला प्रश्न दराचा असतो. खरे तर त्या दरापैकी बाईच्या पदरात किती पडतात, हे आधी विचारायला हवे. साप्ताहिक सुटी नसलेली, रात्री रुग्णाच्या उशाशी पडणारी बाई टिकत नाही. ती गेली की दुसरी येते, आणि म्हाताऱ्याला आपली गोळ्यांची वेळ, आपली लाज नव्याने परक्याच्या हाती सोपवावी लागते. तिला कूस बदलवणे, पाठीच्या जखमा टाळणे कोणी शिकवले, हेही लेखी मागावे.

पावसाळ्याची अट तर करारात हवीच. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, घाटरस्ते खचले. अशा वेळी बदली बाई शहरातून कशी येणार? गावातलीच बाई शिकवून तयार केलेली बरी.

२००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. तेवढ्यात चोवीस तासांची बाई आठवडाभरही ठेवता येत नाही. उरलेली पोकळी दलालाने भरली, यात नवल ते काय!

विसंगती पुढेच आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार नोंद झालेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळते. मालकाच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी उभा राहतो. १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही तसे मंडळ झाले. घरकामगारांना मात्र २००८ च्या कायद्याने केवळ कल्याण मंडळ दिले; मजुरी त्याच्या हातून जात नाही. म्हणजे ज्या मुलाची स्वतःची मजुरी मंडळाने सुरक्षित केली, तोच आपल्या आईसाठी दलालाच्या दारी जातो आणि तिथून आणलेल्या बाईला रजा नाही, निधी नाही. शुश्रूषा करणाऱ्या बायांची नोंदणी, प्रशिक्षण आणि मजुरीचे वाटप करणारे मंडळ जिल्हावार उभे करणे विधिमंडळाला अशक्य नाही. कुटुंबाने मजुरी व लेव्ही तिथे भरावी. ज्यांना ती झेपत नाही त्यांचा वाटा सरकारने उचलावा. याची सुरुवात साताऱ्यापासून करायला काय हरकत आहे?