'अश्मयुगीन' ही शिवी नव्हे

१/ एखादा विचार मागासलेला ठरवायचा असला की आपण त्याला बेधडक 'अश्मयुगीन' म्हणतो. असे म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी आयुष्यात एकदा तरी गारगोटी फोडून तिच्यातून धारदार पाते काढण्याचा प्रयत्न केला आहे? माझी भूमिका प्रथमच सांगतो : स्वतःच्या हाताने दगड घडवून पाहिल्याशिवाय कोणालाही प्रागितिहासाची पदवी मिळता कामा नये. हा धागा त्यासाठी.

२/ गारगोटी, अकीक, चाल्सेडनी, ऑब्सिडियन हे दगड काचेसारखे फुटतात. आघात जेथे बसतो, तेथून बल शंकूच्या आकारात पसरते. निघालेल्या छिलक्यावर आघातबिंदूच्या खाली एक फुगवटा उमटतो आणि त्याभोवती शिंपल्यावर असतात तशा वक्र लहरी. गाभ्याच्या कडेचा कोन ९० अंशांहून कमी नसेल, तर कितीही जोर लावा, छिलका नीट सुटत नाही. म्हणून कसबी कारागीर प्रत्येक आघाताच्या आधी पुढच्या दोन-तीन आघातांसाठी कड तयार करतो. अधिक निघाला तो तुकडा परत चिकटवता येत नाही. ज्याला आपण 'रानटी' म्हणतो, त्या माणसाचे हे नियोजन आहे.

३/ साधनेही एकच नव्हेत. आरंभी नदीतला गोटा. आकार येऊ लागला की हरणाचे शिंग, कारण ते मऊ असल्याने छिलके पातळ आणि लांब निघतात. शेवटी शिंगाच्याच टोकाने, आघात न करता, केवळ दाबून कडेचे बारीक कण उडवायचे. या शेवटच्या टप्प्यात मनगटाचे काम थोडे आणि खांद्याचे फार. हे वाचून कळत नाही.

४/ आता आपल्या दख्खनकडे. येथे युरोपातल्यासारखा चुनखडीतला फ्लिंट नाही. आहे तो बेसाल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांत साचलेली चाल्सेडनी, अकीक, जास्पर. प्रवरा, घोड, भीमा यांच्या पात्रांत हे गोटे वाहून येतात. घोड नदीकाठच्या इनामगावात (इ.स.पू. सुमारे १६०० ते ७००) शेती होती, घरे होती, तांबेही होते, पण तांबे दुर्मीळ. त्यामुळे रोजची धार दगडाचीच राहिली. तेथील कारागीर गाभ्यावर आधी एक नागमोडी कणा घडवत आणि त्या कण्याच्या आधाराने समांतर कडांची पाती एकामागून एक काढत. ताम्रपाषाण म्हणताच आपले डोळे तांब्याकडे वळतात. पाषाण मात्र उच्चारापुरता उरतो.

५/ बाणाचे टोक म्हटले की अमेरिकन चित्रपटातले त्रिकोणी पाते डोळ्यांपुढे येते. आपल्याकडची परंपरा मुख्यतः निराळी : चंद्रकोरी, त्रिकोण, समलंब अशी नखाएवढी सूक्ष्मास्त्रे डिंकाने लाकडात बसवायची. मध्य भारतातील शैलचित्रांत असे काटेरी बाण रेखाटलेले दिसतात. एक तुकडा निखळला तर तेवढाच बदलायचा, बाण तोच. सुट्या भागांची ही कल्पना आपण कारखान्यांच्या नावावर जमा केली आहे!

६/ आक्षेप येईल : 'तुम्ही आज दगड फोडलात, म्हणून तेव्हा तसेच फोडत होते हे कसे सिद्ध होते?' होत नाही, हे मान्य. प्रयोग शक्यता सांगतो, घटना नव्हे. परंतु प्रयोगाविना पुरावा वाचताच येत नाही, त्याचे काय? कॅलिफोर्नियातील याही जमातीचा इशी १९११ मध्ये ओरोव्हिल येथे आला आणि १९१६ मध्ये वारला. मधल्या काळात त्याने संग्रहालयात बाटलीच्या काचेपासूनही बाणाग्रे घडवली. पुढे १९९० च्या दशकात स्टीव्हन शॅकली यांनी ती तपासून असे मांडले की त्यांची घडण याहींपेक्षा शेजारच्या विंटूंच्या बाणाग्रांशी अधिक जुळते. म्हणजे इशीने ही विद्या कोणाकडून घेतली, हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. एका माणसाच्या नात्यागोत्यांचा असा माग काचेच्या तुकड्यात लागतो, तो घडणीचा क्रम जाणणाऱ्यालाच.

७/ आणि कचरा! एक हत्यार घडताना छिलक्यांचा ढीग पडतो. जुन्या संग्राहकांनी देखणे नग उचलले आणि ढीग तेथेच टाकला. कारागीर कोठे बसला, मध्येच दगड बिघडला का, शिकाऊ हात होता का, हे सारे त्या ढिगात असते. किल्ल्यांच्या बुरुजांची संख्या तोंडपाठ असणाऱ्या माझ्या मित्रांना, पायाखालचा हा इतिहास 'खडे' वाटतो.

८/ शिकायचे असेल तर चार अटी. चष्मा आणि चामड्याचा तुकडा घ्या. काम उघड्यावरच करा : सिलिकाची धूळ फुप्फुसात साचते, खंबायतच्या अकीक कारागिरांना जडणारा सिलिकोसिस त्याचाच. प्राचीन स्थळावर एकही दगड फोडू नका, तेथून एकही उचलू नका. आणि स्वतः घडवलेले कधीही जुने म्हणून खपवू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'फ्लिंट जॅक' ऊर्फ एडवर्ड सिम्प्सन याने बनावट हत्यारे संग्राहकांना आणि संग्रहालयांना विकली. १८६२ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिकांसमोर त्याने ती घडवूनही दाखवली.

९/ मी काढलेल्या प्रत्येक पात्यावर हिऱ्याच्या टोकाने तारीख कोरतो. फुटलेला कचरा पोत्यात भरून घरी आणतो, नदीकाठी ठेवत नाही. पन्नास वर्षांनी कोणा विद्यार्थ्याने तो इनामगावच्या काळातला समजू नये, एवढ्याचसाठी.