वाट कोणाला नव्हती?

गेल्या काही वर्षांत मराठीत एक गद्यप्रकार चांगलाच फोफावला आहे. सह्याद्रीतील एखाद्या घळीत वा नाळेत शिरायचे, धबधबे उतरत कोकणात पोहोचायचे आणि परतल्यावर त्याचा वृत्तांत लिहायचा. ह्या वृत्तांताची विशेषणे ठरलेली असतात: अनवट, अस्पर्श, रौद्र, अनाघ्रात. पहिल्या एकदोन परिच्छेदांतच एक विधान येते, की इथे वाट अशी नव्हतीच. आमचा आक्षेप ह्या विधानाला आहे. वस्तुस्थिती म्हणून ते बहुतेकदा खोटे असते आणि लेखन म्हणून आळशी असते.

मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून कोकणकड्याच्या बाजूने हरिश्चंद्रगडावर चढणारी ‘नळीची वाट’ घ्या. दगडधोंड्यांनी भरलेली, अधूनमधून कातळटप्पे असलेली ही नाळ. तिच्यावर लिहिणारा वाटेविना भटकल्याचा अभिमान मिरवतो. पण त्याच्या लेखाच्या शीर्षकातच ‘वाट’ हा शब्द बसलेला असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. घाटमाथा आणि कोकण यांचा व्यवहार अशाच वाटांनी चालत आला. नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख सुमारे २,००० वर्षांपूर्वीचे आहेत. घाटवाटांच्या ह्या प्रदेशात कोणाला एखादी वाट दिसली नाही, तर तिच्या नसण्याचा तो पुरावा होत नाही.

नावांचेही तेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात साम्रद गावाजवळ एक खोल, चिंचोळी घळ आहे. तिला कोणी सांदण म्हणतात, कोणी सांधण. सांद म्हणजे फट, सांधा म्हणजे जोड. दोन्ही उच्चारांत दोन कडे एकमेकांना जवळजवळ भिडल्याचे चित्र आहे. आपण ह्या नावाला ‘व्हॅली’ जोडली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून इंग्रजीतून ‘सावल्यांची दरी’ आणली. जे एका शब्दात सामावले होते, त्यासाठी आता तीन शब्द लागतात आणि तरी अर्थ उणाच राहतो.

शब्द गेले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पुष्कळच बिघडते. दांड किंवा सोंड म्हणजे कड्यापासून खाली उतरत गेलेली डोंगराची धार. पदर म्हणजे दोन कड्यांच्या मधली सपाटीची, बहुधा झाडीची पट्टी. नाळ म्हणजे पाण्याने कोरलेली तीव्र, अरुंद उतरण. ही नावे पाणी कोठून येणार आणि माणसाने कोठून जावे, हे सांगणारी आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर रचून हा डोंगर झाला. कठीण थराच्या कडेवरून पाणी कोसळते, खाली डोह होतो, आणि पुढे पुन्हा तसाच टप्पा येतो. म्हणून नाळ उतरताना एका धबधब्यावरून दोराने खाली येऊन दोर ओढून घेतला, की पुढचा टप्पा जमला नाही तरी मागे फिरणे जवळजवळ अशक्य होते. माथ्यावर कोसळलेली सर तळाशी उभ्या असलेल्याला दिसतही नाही. तिचे पाणी मात्र बघता बघता अंगावर येते. पावसाळ्यात नाळ पाण्याची आणि दांड माणसाचा, एवढे ज्ञान ह्या शब्दभेदात आहे. ‘रौद्र’ ह्या विशेषणात त्यातले काय उरते? असा लेख वाचून पाठपिशवी बांधणारा तरुण त्या विशेषणाच्या भरवशावर निघतो, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

आता ह्या गद्यातील कर्त्याकडे पाहा. सकाळी गावातले ‘एक मामा’ पुढे चालतात, कारवी बाजूला सारतात, कातळात पाय कोठे ठेवायचा ते दाखवतात. दुपारी वाक्य बदलते: ‘आम्हांला वाट सापडली’. संध्याकाळी ‘वाट नव्हतीच’. तीन वाक्यांत मामा नाहीसे झाले. महादेव कोळी, कातकरी, धनगर यांच्या पायांखालची जमीन ‘अज्ञात’ कशी होते, हे समजून घ्यायचे असेल तर एवढे व्याकरण पुरेसे आहे.

हे हौशी लेखन आहे, त्याला वाङ्मयीन कसोट्या कशाला, असा बचाव केला जातो. तो मान्य करता येत नाही, कारण ह्याच हौशी मंडळींतील काहींनी घाटवाटांच्या नेमक्या नोंदी केल्या आहेत: कोणत्या गावातून निघावे, पाणी कोठे, किती वेळ लागेल. त्या नोंदी अलंकारिक वृत्तांतांपेक्षा गद्य म्हणूनही सरस आहेत. दोष हौसेचा नाही, उसन्या विशेषणांचा आहे. आणि त्याचे मूळ प्रवासवर्णनात ‘चित्रमयता’ शोधायला लावणाऱ्या आपल्या प्रश्नपत्रिकांतही आहे. शिवथरघळीत दासबोध रचला गेला, ही परंपरा विद्यार्थ्याला पाठ असते. घळ म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारत नाही.

ते विचारायला हवे. असा एखादा वृत्तांत वर्गात घ्यावा आणि प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण, एवढेच शोधायला सांगावे. आणि लिहिणाऱ्यांनी ‘अनवट’ लिहिण्याआधी घळीच्या वरच्या गावात आणि खालच्या गावात त्या जागेला काय म्हणतात, ते विचारून तसेच छापावे.