नामांतरानंतरचा राजधर्म

6 मे 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडी येथे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी झाली. त्याआधी 2024 मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले होते. देवींच्या त्रिशताब्दीनिमित्त त्यांच्या जन्मभूमीला लाभलेला हा सन्मान समाजमनाला सुखावणारा आहे. मात्र नामांतर हा राजधर्माचा आरंभ असतो, सांगता नव्हे.

ज्या जामखेड तालुक्यात चौंडी वसले आहे तेथून, तसेच पाथर्डीतून, आजही दरवर्षी कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. ज्या जिल्ह्याने 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा आदर्श उभा केला, त्याच जिल्ह्याची ही दुसरी बाजू. पुणे रस्त्यावर सुप्यापर्यंत आलेले कारखाने या तालुक्यांच्या वेशीशी का थबकतात?

कर्जतच्या नियोजित औद्योगिक वसाहतीचा अनुभव बोलका आहे. तिची जागा कोणती, यावरून सत्ताधारी आणि विरोधक झुंजले. जुलै 2023 मध्ये विधानभवनाच्या आवारात धरणेही धरले गेले. श्रेय कोणाचे, हा प्रश्न रोजगार कोणाला, या प्रश्नाहून मोठा ठरला. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्याने ती झाली, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. हे वाचून कोणता उद्योजक आपली पुंजी या भागात गुंतवील?

2023 च्या जनविश्वास कायद्याने 183 तरतुदींतील फौजदारी बडगा दूर वा सौम्य केला. त्याच वर्षी राज्याने परवान्यांच्या एक खिडकी योजनेला कायद्याचा आधार दिला. ही पावले स्वागतार्हच आहेत. पण खिडकी उघडी असून दारात खंडणीखोर उभा असेल, तर उपयोग काय? न्यायाचा विलंबही तसाच घातक. जागतिक बँकेच्या 2020 च्या अहवालानुसार भारतात व्यापारी कराराचा तंटा निकाली निघण्यास सरासरी 1,445 दिवस लागत. उद्योजक कराला भीत नाही; तो अनिश्चिततेला भितो.

अहिल्यादेवींनी हे मर्म ओळखले होते. वाटसरूंची लूट थांबवण्यासाठी त्यांनी भिल्लांचा ‘भिलकवडी’ हा ठरावीक कर मान्य केला आणि वाटेच्या रक्षणाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली. कर ठाऊक होता, संरक्षण निश्चित होते आणि न्याय दारात मिळत होता. म्हणूनच बाहेरून आलेले विणकर महेश्वरी विसावले आणि तेथील वस्त्राची कीर्ती देशभर पसरली.

लोकमातेच्या नावाच्या जिल्ह्यात हाच कारभार दिसला पाहिजे. खंडणीखोर कोणत्याही पक्षाच्या आश्रयाला असो, त्याची गय होता कामा नये. वसाहतीची जागा श्रेयाच्या नव्हे, सोयीच्या निकषावर ठरावी. चौंडीच्या परिसरातील तरुणाच्या हातातला कोयता सुटून तेथे कौशल्याचे अवजार येईल, तेव्हाच नामांतर खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.