विश्लेषण : छोट्या गाडीने घाट उतरताना ‘इको मोड’ पुरेसा आहे का? ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणजे नेमके काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. विद्युत गाड्यांवर तो आधीपासूनच ५ टक्के आहे. पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी क्लच नसलेल्या छोट्या मोटारी त्यामुळे आवाक्यात आल्या. मात्र शहरातील कोंडीसाठी घेतलेली हीच गाडी सुट्टीत चार-पाच जण आणि सामान घेऊन घाटात जाते. तिथे डॅशबोर्डवरच्या बटणांवर किती विसंबून राहायचे?

ड्राइव्ह मोड काय बदलतात?

छोट्या गाड्यांत मोड बदलला की मुख्यतः अॅक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलतो. ‘इको’मध्ये तो सौम्य होतो, ‘स्पोर्ट’मध्ये चटकन मिळतो. ऑटोमॅटिक पेट्रोल गाडीत गिअर कधी बदलायचा, हेही मोडनुसार ठरू शकते. टायरची पकड, ब्रेकची ताकद आणि गाडीचे वजन मात्र तेवढेच राहते. उलट इंधन वाचवण्यासाठी ‘इको’ लवकर वरचा गिअर टाकतो आणि उतारावर नेमका तोच नको असतो.

इंजिन ब्रेकिंग कसे होते?

गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकेच इंजिनला फिरवू लागतात. पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद झालेली असते. त्यामुळे पिस्टनला हवा ओढायला जोर लागतो आणि तोच गाडीला मागे खेचतो. गिअर जितका खालचा, तितकी ही ओढ जास्त. म्हणूनच घाटातला जुना नियम सांगतो : ज्या गिअरमध्ये चढ चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचते का?

नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शन गाड्यांत गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडला, तर इंधनाचा पुरवठा जवळपास थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केले, तर ब्रेकला मिळणारी मदत थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंगही जड होते.

छोट्या गाडीला धोका का?

अल्टो के१० सारख्या गाडीचे वजन सुमारे साडेसातशे किलो असते. पाच माणसे आणि सामान धरले, तर ते जवळपास निम्म्याने वाढते. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. १,१०० किलोच्या गाडीची या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा दीड युनिट विजेइतकी, म्हणजे हजार वॉटची इस्त्री दीड तास चालेल एवढी असते. त्यातील काही हवेच्या आणि रस्त्याच्या घर्षणात जाते. उरलेली इंजिनने अडवली नाही, तर तिची उष्णता ब्रेकमध्ये साठते. पॅड अति तापले की त्यांची पकड कमी होते. जुन्या, ओलावा शिरलेल्या ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल दाबूनही ब्रेक नीट लागत नाही.

ऑटोमॅटिक आणि विद्युत गाडीत काय करावे?

एएमटी गाडी ‘डी’वर ठेवली, तर ती उतारावरही वरचा गिअर टाकू शकते. लिव्हर ‘एम’मध्ये घेऊन दुसरा किंवा तिसरा गिअर निवडता येतो. विद्युत गाडीत हेच काम मोटर करते : ती जनित्र होते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत जाते. टियागो ईव्ही किंवा एमजी कॉमेटमध्ये याची तीव्रता ड्राइव्ह मोडपासून वेगळी निवडता येते. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर नव्या विजेला जागा नसते आणि ही ओढ कमी होते. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असेल, तर उतरण्याआधी १०० टक्के चार्जिंग टाळलेले बरे.

वळणावर आणि पावसात काय?

कॉमेटची लांबी तीन मीटरहून किंचित कमी आणि चाके १२ इंची आहेत. गल्लीत वळायला हे सोयीचे असते. पण आखूड गाडीला खड्डा किंवा शेजारून गेलेल्या ट्रकचा झोत जास्त जाणवतो. त्यामुळे वेग वळणाआधीच कमी करावा. ओल्या रस्त्यावर एकदम खालचा गिअर टाकला किंवा तीव्र पुनर्निर्मिती असताना पाय झटकन काढला, तर चालक चाके घसरू शकतात. पाय हळूहळू उचलावा.

आणखी एक गोष्ट : पेट्रोल गाडी इंजिनच्या ओढीने मंदावते, तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे वाहन असेल, तर ब्रेकला हलका स्पर्श करून त्याला कळवावे. उतारभर ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. नीट दाबून वेग कमी करावा, मग पाय काढून ब्रेकला थंड व्हायला वेळ द्यावा. तरीही जळका वास आला किंवा पेडल मऊ लागले, तर खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबावे.