रात्रीची वाट कोणाच्या खात्यावर?

कारखान्यात रात्रपाळी असते तेव्हा भोंगा होतो, दिवे लागतात, दारावर पहारेकरी असतो आणि हजेरीपटावर नाव चढते. शेतीतही रात्रपाळी आहे. ज्वारी दाण्यावर आली की जागल. विहिरीवर मोटार असली की हरबऱ्याला रात्रीचे ओलीत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडू लागली की पहाटेच्या अंधारात रान. या पाळीला ना भोंगा, ना दिवा, ना हजेरी. माणूस खांद्यावर घोंगडी टाकतो, हाती काठी घेतो आणि एकटाच पांदणीला लागतो. सकाळी परतला तर कोणी विचारत नाही. परतला नाही तर गाव म्हणते, 'त्याचे नशीब.'

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, हे नशीब नव्हे. ही वाट आपल्यावर लादलेली आहे आणि तिचा खर्च आपण मुकाट्याने भरतो आहोत.

चिखलदऱ्याचे पठार सुमारे 1,100 मीटर उंच. भोवती मेळघाटचे जंगल, घाटाखाली अचलपूर, अंजनगाव, अकोटचा कपाशी-ज्वारीचा पट्टा. 1973-74 साली देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. वाघ जगावा याला आमची हरकत नाही. पण रानडुक्कर हद्दीची पाटी वाचत नाही. ते रात्री धुरा ओलांडते आणि उभी ज्वारी लोळवते. जागलीला कंटाळून ज्वारी सोडलेले शेतकरी आपल्या बैठकीतच बसलेले आहेत. मोह वेचायला निघालेल्या कोरकू बाईची तऱ्हा तीच. अस्वलालाही मोह आवडतो आणि तेही त्याच वेळी झाडाखाली येते.

आता विजेचे पाहा. कृषिपंपांना वीज आळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शहराची मागणी दिवसा भागवायची आणि उरलेली वीज रात्री शेताला द्यायची, हे वेळापत्रक देवाने लिहिलेले नाही. शेताला दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारने 2017 साली सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 साली तिचा दुसरा टप्पा आला. म्हणजे दिवसा वीज देता येते, हे सरकारला मान्य आहे. मग ज्या फिडरवर ती पोचलेली नाही, तिथे ती कधी पोचणार, याची तारीख लेखी मिळाली पाहिजे. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल माफ झाले आहे. पण वीज मध्यरात्री येत असेल, तर ती फुकट नाही. बिल फक्त दुसऱ्या खात्यावर पडते.

त्या खात्यावर सर्वांत मोठी रक्कम सापाची आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने मेली, वर्षाला सरासरी 58 हजार, असा संशोधकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली होती. वाघाची बातमी होते. घोणशीची, म्हणजे आपल्या परडीची, होत नाही.

मदतीतही हीच तफावत आहे. वाघ, बिबट, अस्वल वा रानडुक्कर यांच्या हल्ल्यात माणूस मेला तर वारसांना 25 लाख रुपये मिळतात. त्या यादीत साप नाही. सर्पदंशाने शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेतून 2 लाख. तेही सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. पहाटे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला निघालेल्या भूमिहीन बाईसाठी या योजनेत जागाच नाही. साप काही सातबारा पाहून चावत नाही.

आता थोडे आपल्याच लोकांना. डुकरासाठी तारेत लाईनचा करंट सोडण्याची चाल अजून गेलेली नाही. त्या तारेला अंधारात डुकराआधी शेजारचा जागल्या लागतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आणि दोन घरे उद्ध्वस्त. सौर कुंपणाचा झटका जनावराला हुसकतो, जीव घेत नाही. व्याघ्रप्रकल्पालगतच्या गावांना त्यासाठी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे. ते वनखात्याकडे मागा. पण थेट करंट सोडणाऱ्याची बाजू संघटनेने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागण्या मान्य होईपर्यंत रात्र थांबणार नाही. म्हणून एवढे तरी करू. जागल आणि ओलीत शेजाऱ्याशी पाळी लावून, जोडीने. बॅटरीचा उजेड समोर नव्हे, पायापुढे. पायात गमबूट, हाती जमिनीवर आपटायची काठी. रानातून जाताना मोठ्याने बोलत जावे. अवचित समोर आलेल्या माणसावरच अस्वल धावते. मोहाला उजाडल्यावर निघावे. बिबट्याच्या भागात अंधारात एकट्याने वाकून वा बसून राहू नये. जागलीला जमिनीवर झोपू नये. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपावे, कारण मण्यार रात्री अंथरुणात येते आणि तिचा दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखले, पापण्या जड झाल्या, तर जखम शोधत बसू नका, दवाखाना गाठा. साप चावल्यावर आवळून बांधणे नको, चिरा देणे नको, मांत्रिक नको. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, 108 ला फोन करा आणि गाडी येईना तर मिळेल त्या वाहनाने निघा. विषावर औषध एकच, लस.

त्या लसीच्या बाटल्या आज किती आहेत, हे प्रत्येक गावाने पावसाळ्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लेखी विचारावे. गरज रात्री दोन वाजता पडते, तेव्हा विचारून उपयोग नसतो.

आणि एक वही करा. गावात या हंगामात कोण किती रात्री जागला, मोटार किती वेळा रात्री चालली, किती जणांना साप चावला, लस कुठे मिळाली, कुठे नाही. बियाणे, खत, फवारणी आपण लिहितो. रात्र लिहीत नाही. लिहिली नाही म्हणून ती भावात धरा असे म्हणता येत नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने ही वही सोबत आणावी. दिवसा वीज, सर्पदंशाला वन्यप्राण्याइतकी मदत आणि तीत शेतमजुरांचा समावेश, या तीन मागण्या त्या वह्या पुढे ठेवूनच मांडू.